पॉवर स्टिअरिंगचं तेल गळतंय? नुसतं टॉप-अप नको, गळती शोधा. आणि दुरुस्तीचा हक्क मागा.

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझं म्हणणं सरळ सांगतो. ज्या गाडीत दर पंधरा दिवसांनी "थोडं ऑइल टाकून देऊ" म्हणून पॉवर स्टिअरिंगची बाटली रिकामी होते, ती गाडी दुरुस्त झालेली नाही. आणि ज्या गाडीचं फक्त एक वायसर किंवा एक रबरी पाइप गेलाय, तिला अख्खी स्टिअरिंग रॅक बदलायला सांगणं हीसुद्धा दुरुस्ती नव्हे. पहिल्यात धोका आहे, दुसऱ्यात लूट आहे. आपण रत्नागिरीकर या दोघांच्या मध्ये लटकलोय. खरा मधला रस्ता, म्हणजे गळती नेमकी कुठे आहे ते शोधून तेवढाच भाग बदलणं, तो आपल्याला मिळू नये अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे. माझं भांडण त्या व्यवस्थेशी आहे.

आत्ताच का लिहितोय? कारण आंब्याचा सीझन आटपत आलाय. दोन-अडीच महिने पिकअप गाड्या पेट्या भरभरून वाशीला गेल्या. आता पाऊस तोंडावर आहे. त्यानंतर गणपती, म्हणजे चाकरमान्यांच्या गाड्या आणि घाटात रांगा. गाडीच्या खाली शिरून बघायचे दिवस हेच. एकदा पाऊस लागला की तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात खालून काय गळतंय हे चार महिने कुणाला कळत नाही. पाणीच पाणी, त्यात तेलाचा थेंब कुठे शोधणार?

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय?

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. मोटर असते, तेल नसतंच. तुमची गाडी तशी असेल आणि बिलात कुणी "पॉवर स्टिअरिंग ऑइल" लावलं असेल, तर आधी तिथेच भांडा. पण जुन्या सुमो, क्वालिस, टवेरा, बोलेरो, स्कॉर्पिओ, पहिली इनोव्हा, शिवाय बरेच टेम्पो आणि पिकअप, यांत ज्याला पॉवर स्टिअरिंग आहे ते तेलावर चालणारं. आपल्या जिल्ह्यात वडाप, शाळेच्या मुलांची ने-आण, मिरकरवाड्यातून मासळी, बागेतून आंबा, हे सगळं याच गाड्या ओढतात. शोरूमसाठी त्या म्हाताऱ्या असतील, इथे त्या कमावत्या आहेत.

यंत्रणा समजायला अवघड नाही. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. तो डब्यातलं तेल ओढतो आणि जाड प्रेशर पाइपातून स्टिअरिंगच्या रॅककडे (किंवा गिअरबॉक्सकडे) रेटतो. तिथे ते तेल तुमच्या हातांना मदत करतं आणि रिटर्न पाइपातून परत डब्यात येतं. प्रेशरच्या बाजूला दाब किती? वळणावर जोर लागतो तेव्हा सत्तर-शंभर बारपर्यंत जातो. कारच्या टायरमधल्या हवेच्या चाळीस-पन्नास पट म्हणा. परतीच्या बाजूला मात्र दाब अगदी कमी, तिथे साधा रबरी पाइप आणि क्लिप असते.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. गळती परतीच्या बाजूला असेल तर काम बहुतेक वेळा स्वस्त आणि घरी होण्यासारखं. प्रेशरच्या बाजूला असेल तर जपून. रॅकच्या आतल्या सीलची असेल तर गॅरेजशिवाय इलाज नाही. म्हणजे सगळा प्रश्न एकच: गळती कुठे आहे?

आणि नेमकं हेच कुणी शोधत नाही.

थेंब दिसतो तिथे गळती असतेच असं नाही

तेल वरून खाली वाहतं. डब्याच्या तोंडाशी, पंपाच्या मागे, पाइपाच्या जोडावर कुठेही गळलं तरी ते ओघळत खाली येतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं आणि सगळ्यात खालच्या भागावर जमतं. तो खालचा भाग म्हणजे बहुतेक गाड्यांत रॅक. मग गाडी लिफ्टवर चढते, खालून बॅटरी मारली जाते, रॅक तेलाने माखलेली दिसते आणि निकाल जाहीर होतो: "रॅक गेली." वर बघायची तसदी कुणी घेत नाही.

माझ्याच जुन्या आठ सीटर गाडीचं असं झालं. जिल्ह्याबाहेरच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव लिहीत नाही, मुद्दा एका दुकानाचा नाहीच) मला रॅक असेंब्लीचं एस्टिमेट मिळालं, मजुरी धरून बेचाळीस हजार. गाडीची बाजारातली किंमतच दीड लाख. मी म्हटलं, "सील किट टाका ना." उत्तर आलं, "सर, कंपनी सील किट देत नाही, असेंब्लीच येते." म्हटलं, "गळती कुठून आहे ते दाखवा." उत्तर, "सर, रॅकच ओली आहे."

गाडी घरी आणली. इंजिन थंड असताना डब्यापासून रॅकपर्यंत सगळं डीग्रीझर आणि जुन्या ब्रशने घासून स्वच्छ केलं, सुकवलं. पाइपांच्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवली. इंजिन चालू केलं, मुलाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं आणि मी बॉनेटपाशी टॉर्च घेऊन, हात लांब ठेवून बघत उभा. दहा मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटली. डब्याखालचा परतीचा पाइप. रबर दगडासारखं कडक झालेलं, क्लिप सैल. तेल तिथून ओघळून रॅकवर पडत होतं. तेल सोसणारा पाइप, दोन नवीन क्लिपा आणि एक लिटर तेल मिळून खर्च नऊशे रुपयांच्या आत. रॅक कोरडीठाक आहे, आजही.

ही हुशारी मिरवायला सांगत नाही. ही तपासणी करायला अर्धा तास, एक ब्रश आणि पावडरीचा डबा पुरतो. मग ज्यांच्याकडे लिफ्ट आहे, ट्रेनिंग आहे, कंपनीचं मॅन्युअल आहे, त्यांनी ती का केली नाही? याचं उत्तर माणसाच्या लबाडीत शोधू नका. तिथला पोरगा पगारी नोकर आहे. पद्धतच अशी बसवलीय की शोधण्यात वेळ जातो आणि बदलण्यात बिल होतं.

हे मी एकटाच म्हणत नाही, देशाच्या आयोगाने म्हटलंय

२०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मुद्दा हाच: कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात देत नाहीत, दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना देत नाहीत, त्यामुळे ग्राहक त्यांच्याच दारात अडकतो. चौकशी वाढत गेली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

दंड राहू द्या, तो अपिलांच्या फेऱ्यात गेला. आयोगाने आदेशात काय सांगितलं ते वाचा. सुटे भाग बनवणाऱ्यांना खुल्या बाजारात विकू द्या. स्वतंत्र गॅरेजच्या वाटेत अडथळे आणू नका. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. भागांची यादी आणि किमती लोकांना दिसतील अशा ठेवा.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. चार क्षेत्रं धरली: शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, त्याचं पोर्टल सुरू झालं. फोटो निघाले, बातम्या आल्या.

आता मारुती मंदिरच्या किंवा मिरजोळे एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या गॅरेजवाल्याला विचारा, "दादा, त्या पोर्टलवरून तुम्हाला या गाडीच्या स्टिअरिंग पंपाचं मॅन्युअल मिळालं काय?" तो हसेल. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपन्यांच्या पानांची यादी एकत्र लावली म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही.

एक छोटंसं उदाहरण देतो म्हणजे हा हक्क म्हणजे काय ते कळेल. प्रेशर पाइप पंपाला जिथे जोडतात तिथे बऱ्याच गाड्यांत पोकळ बोल्ट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वायसरं. गळतीची ही नेहमीची जागा. वायसर दरवेळी नवीनच टाकायचं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण बोल्ट किती आवळायचा? कमी आवळला तर गळेल, जास्त आवळला तर पंपाची आटी जाईल. तो आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल कुठे आहे? कंपनीच्या लॉगिनच्या मागे. डॅशबोर्डच्या कप्प्यात जे पुस्तक आपल्याला दिलंय त्यात तेलाची जात आणि लेव्हलची खूण सांगतात, आणि पुढे "अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा." दहा लाखांची गाडी विकली, पण तिचा एक बोल्ट किती आवळायचा हे गुपित ठेवलं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून गाड्यांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना योग्य किमतीत द्यायची, असा त्याचा गाभा. तिथे आकाश कोसळलं नाही. उलट २०१४ मध्ये कंपन्यांनी तोच मसुदा देशभर मान्य करणारा करार केला. तेच इथे का होत नाही?

"सेफ्टीचा विषय आहे, घरी हात लावू नका"

हा आक्षेप येणार हे माहीत आहे, आणि तो अर्धा खरा आहे. अर्धा खरा आहे म्हणूनच नीट उत्तर देतो.

स्टिअरिंग हा जिवाचा भाग आहे, मान्य. पण तेल संपत आलेल्या स्टिअरिंगवर गाडी चालवत ठेवणं ही सेफ्टी आहे काय? तेल संपलं की स्टिअरिंग तुटत नाही, चाकांशी जोड राहतो, पण ते अचानक जड होतं. आणि ही मदत सगळ्यात जास्त कुठे लागते? कमी वेगात, पूर्ण वळवताना. म्हणजे आंबा घाटाच्या नागमोडी वळणावर, मागे भरलेली गाडी, समोरून एसटी. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या स्पीडला काही कळणारच नाही, आणि जिथे कळेल तिथे एका बाजूला दरी असेल. शिवाय गळणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं. बेल्टवर उडलं तर बेल्ट घसरतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच बेल्टवर वॉटर पंप आणि अल्टरनेटर असतो.

म्हणून "हात लावू नका" म्हणणाऱ्यांनी आधी "तेल टाकून चालवा" म्हणणं बंद करावं. दोन्ही एका तोंडाने चालत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे की बघणं प्रत्येकाचं काम, बदलणं ज्याचं त्याच्या कुवतीप्रमाणे. कुठे थांबायचं हेही लिहून ठेवतो.

घरी होण्यासारखं: डब्याच्या झाकणाचं सील, परतीचा रबरी पाइप, त्याच्या क्लिपा. हाताला सवय असेल आणि मॅन्युअल मिळालं तर पोकळ बोल्टाची वायसरं.

गॅरेजचं काम: प्रेशर पाइप, पंपाच्या शाफ्टचं सील, रॅकच्या टोकांची सीलं, टाय रॉड. चाकाजवळचा रबरी बूट चेपून बघा. आत तेल साठलं असेल तर रॅकचं सील खरंच गेलंय, तिथे वाद नाही.

आणि हे अजिबात करू नका:

१. प्रेशरची गळती बोट लावून शोधू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमावण्याची वेळ येते. असं झालं तर ताबडतोब दवाखाना, हळद लावून घरी बसायचं नाही.

२. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. आपल्या अंगणातली लाल माती मऊ, जॅक एका बाजूला रुततो. आणि हे खास आपल्या लोकांसाठी: टेकू म्हणून जांभ्याचा चिरा लावू नका. घर बांधायला चिरा उत्तम, पण एका बिंदूवर गाडीचा भार आला की तो भुगा होऊन बसतो. सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. लोखंडी स्टँड, कठीण जमीन, मागच्या चाकांना ओट.

३. ब्रेक ऑइल यात टाकू नका आणि यातलं तेल ब्रेकमध्ये टाकू नका. दोन्हींची रबरं वेगळ्या जातीची असतात. एकाचं तेल दुसऱ्याचं रबर फुगवतं. चुकून ब्रेकमध्ये हे तेल गेलं तर ब्रेकच जातील.

४. परतीच्या पाइपाच्या जागी रेडिएटरचा पाण्याचा पाइप बसवू नका. माप जुळतं म्हणून सर्रास बसवतात. तो पाण्यासाठी बनलेला असतो, तेलाने फुगतो आणि मऊ पडतो. दुकानात "तेलाचा पाइप" म्हणून मागा.

५. सगळ्या गाड्यांना तेच लाल तेल चालत नाही. काहींना लाल, काहींना कंपनीचं वेगळं, काहींना हिरवं. झाकणावर आणि पुस्तकात लिहिलेलं असतं, तेवढंच टाका.

६. "गळती बंद करणारी" बाटली म्हणजे दुरुस्ती नाही. ती जुन्या सीलला थोडं फुगवते, म्हणून काही दिवस थेंब थांबतो. पाइप फुटलेला असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही.

पाइप बदलल्यावर आत हवा राहते. पुढची चाकं स्टँडवर उचला, चावीने लॉक काढा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्ये मध्ये तेल भरत राहा. मग इंजिन चालू करून पुन्हा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो. डब्यात फेस दिसला तर हवा अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा घालून बघा. पुठ्ठा कोरडा, तर काम झालं.

"म्हणजे गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय?"

मुळीच नाही. कुवारबावपासून हातखंब्यापर्यंत छोटी गॅरेजं आहेत, त्यांच्या जिवावर हा जिल्हा चालतो. रात्री अकरा वाजता निवळी फाट्याला टोचन लावून गाडी आणणारा माणूस शोरूमचा नसतो, तो हा असतो. त्यालाही सील किट मिळत नाही. त्यालाही मॅन्युअल मिळत नाही. मग तो बिचारा कोल्हापूर-मुंबईहून बिनकंपनीचं सील मागवतो, अंदाजाने आवळतो, आणि गळालं की नाव त्याचं खराब होतं. माझी मागणी त्याच्याही बाजूची आहे. फक्त एक विनंती: दादांनो, "टाकून देऊ थोडं ऑइल" हे वाक्य सोडा. गिऱ्हाईकाला सांगा, गळती इथे आहे, खर्च एवढा आहे, आत्ता नाही केलं तर असं होईल. शोधायची मजुरी वेगळी मागा. आम्ही देऊ. शोधणं हेसुद्धा काम आहे, त्याचे पैसे द्यायची सवय आपणही लावून घ्यायला हवी.

रस्त्याचा हिशेब कोण देणार?

सील आपोआप मरत नाहीत. रॅकच्या टोकाचा रबरी बूट दगडाने फाटतो, आत चिखल आणि खडी जाते, ती कण रॅकच्या चकचकीत दांड्यावर ओरखडे काढते आणि ओरखडा सील कापतो. बूट का फाटतो? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. डायव्हर्जन, खडी, खड्डे, पुन्हा डायव्हर्जन. तारखा किती दिल्या ते मोजणं आपण सोडून दिलंय. चिपळुणात ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, तो सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिला. पण रोज एकेका गाडीचा एकेक बूट फाटतो ते टीव्हीवर येत नाही. तो खर्च गाडीवाल्याच्या खिशातून, गुपचूप. रस्ता सरकारचा, टोल-टॅक्स आपला, आणि खड्ड्याने मेलेल्या सीलचं बिलही आपलंच.

त्यात आपली खारी हवा. मासळीच्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी खाली गळतं आणि लोखंडी पाइप गंजून सोलतात. कोकणात चालणाऱ्या गाडीची तपासणी घाटावरच्या गाडीपेक्षा जास्त वेळा व्हायला हवी.

आणि ते तेल जातं कुठे?

हा भाग मला जास्त लागतो. गळलेलं किंवा काढलेलं वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर टाकलेली आहे. कागदावर उत्तम. पण माझ्या गावात तेल गोळा करायला कोण येतं? कुणी नाही. ते वहाळात जातं, गडग्याच्या कडेला ओततात, नाहीतर कुंपणाच्या खांबांना फासतात. आपला जांभा स्पंजासारखा, सगळं आत झिरपवतो. खाली विहीर आहे. त्याच विहिरीचं पाणी एप्रिल-मे मध्ये आपण घोटाघोटाने पुरवतो.

तेल घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा, पाणी किंवा पेट्रोल त्यात मिसळू नका, आणि परवानाधारक तेल घेणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजकडे द्या. पण हे सगळं मी तुम्हाला सांगण्यापेक्षा नगरपरिषदेने आणि पंचायत समितीने एकेक टाकी ठेवून सांगायला हवं.

तर मागण्या अशा:

१. स्टिअरिंग आणि ब्रेकची सील किटं सुटी, छापील किमतीत, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजेत. "असेंब्लीच येते" हे उत्तर बंद.

२. वर्कशॉप मॅन्युअल, निदान सुरक्षेच्या भागांचं तरी, स्वतंत्र गॅरेज आणि गाडीमालकांना परवडेल अशा किमतीत. शक्यतो मराठीतही.

३. दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल पुरे. दंड असलेला कायदा हवा. आमच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा.

४. रत्नागिरीच्या आयटीआयने पावसाआधी एक रविवार गाडीमालकांसाठी ठेवावा. गळती कशी ओळखायची, जॅक-स्टँड कसं लावायचं, कुठे थांबायचं. पोरं शिकवतील, लोक शिकतील.

५. वापरलेल्या तेलासाठी प्रत्येक तालुक्यात एक तरी जमा केंद्र.

हे होईपर्यंत आपण काय करायचं? लेखी एस्टिमेट घ्या. "गळती नेमकी कुठून, ते दाखवा" असं विचारा आणि फोटो काढा. बदललेला जुना भाग परत मागा, तो तुमचा आहे. बिल घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. फसवणूक वाटली तर १९१५ वर फोन करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

कमेंटमध्ये तुमचे अनुभव लिहा: गाडी कुठली, काय सांगितलं, किती सांगितलं, खरं काय निघालं. दुकानांची नावं टाकून भांडणं लावू नका, भागांची नावं आणि किमती लिहा. पन्नास-शंभर नोंदी जमल्या की ते कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ. आमच्या वाडीतले चारपाच जण यायला तयार आहेत.

आणि आज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी लाल डाग दिसला तर तेलाची बाटली आणायला धावू नका, आधी ब्रश आणि पावडर घ्या.

शेअर करायला परवानगी विचारायची गरज नाही.